सगळ्यात वरची ओळ

यशवंतपूर, बेंगळूर
९ फेब्रुवारी १९९९

रम्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचे असतात. ते तू घेशील की सिंगापूरहून परत पाठवशील हे कळेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. वाटलं तर तूच लिहून घे.

हे पत्र कामाचं आहे. सोळा महिने मी तुला एक ओळ लिहिली नाही, ते आता उगाच कशाला लिहीन? कॉम्प्युटर अडला आहे, म्हणून लिहिते.

तुझा प्रोग्रॅम बिघडलेला नाही, घाबरू नकोस. 'कशिदा' अजून चालतो. रोज सकाळी शेड उघडते, देवाला दिवा लावते, मग कॉम्प्युटर लावते. तू शिकवलंस तसं एकेक अक्षर शोधून प्रोग्रॅमचं नाव टाइप करते. केबलमधून नक्षी भरतकामाच्या मशीनकडे गेली की सुई आपली टकटक सुरू. पण होसकोट्याच्या एका शाळेचे नऊशे बिल्ले शिवायचं काम आलं आहे, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत द्यायचे. त्यांनी नक्षी फ्लॉपीत घालून पाठवली आणि ती तुझ्या प्रोग्रॅमला वाचताच येत नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी हयवदनचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे ना, तो आता कॉम्प्युटरही दुरुस्त करतो. तो म्हणाला, अम्मा, नव्या सीडीवर नवा प्रोग्रॅम आहे, त्याला ही नक्षी कळते, अर्ध्या तासात टाकून देतो.

अर्ध्या तासाचे चार तास झाले. दोनदा कॉफी झाली. सीडी आत घालतो, मशीन घुंघुं करतं, आणि शेवटी पडद्यावर तेच उमटतं. शून्य पॅकेजं बदलली, शून्य नवी घातली, दोनशे चौदा जागच्या जागी. पॅकेज म्हणजे म्हणे आतला एकेक प्रोग्रॅम. हयवदनने कपाळाला हात लावला. म्हणाला, "एन् माडिद्री शकुंतलम्मा, काय करून ठेवलंय तुम्ही? याला कशालाच हात लावू देत नाही हे."

मी काही केलेलं नाही. तू जाताना भिंतीवर जो कागद चिकटवलास, त्यातलं तेवढं केलं. कागद अजून तिथंच आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. 'कोणी नवीन काही टाकायला आलं तर आधी डीसिलेक्ट, म्हणजे प्रोग्रॅमांची यादी, उघड. माझा प्रोग्रॅम ज्या लायब्ररीवर उभा आहे त्या ओळीवर जा आणि = दाब. मग ती कोणी बदलणार नाही. बाकी कशाला हात लावू नकोस.' भांडून गेलीस आणि जाता जाता हे लिहून गेलीस. मला तेव्हा वाटलं, ही माझ्यावर रागावली आहे, पण मशीनवर नाही.

हयवदन म्हणतो, ज्या पोरीने हे बसवलं तिलाच विचारा. म्हणून विचारते. काय करायचं?

दुसरं काही लिहीत नाही. ते जर्मन कंपनीचं पत्र, मुलाखतीला बोलावलेलं, मी बॉबिनच्या खणात ठेवलं आणि तुझी तारीख हुकली, ते तुला माहीतच आहे. तुला ते ऑगस्टमध्ये सापडलं तेव्हा तू जे बोललीस तेही मला पाठ आहे. त्यावर मी काही म्हणाले की नाही, आठवत नाही. बहुतेक 'जेवायला बस' म्हणाले.

अप्पा बरे आहेत. रविवारी एसटीडी बूथवर तू त्यांना फोन करतेस तेव्हा मी बाहेरच्या पायरीवर बसलेली असते. हेही त्यांनी तुला सांगितलं नसेल.

आई


२ मार्च १९९९

रम्या,

उत्तर नाही. बरं. विमानाने पत्र जायला आठ दिवस, यायला आठ, मध्ये तुझा राग सहा दिवस. अजून माझा हिशोब चुकलेला नाही.

आता दुपारी मशीन चालू असताना मला झोप लागते. पूर्वी नव्हती लागत. बाहेर मंडईतून कांद्याच्या लॉऱ्या जातात, पत्र्यावर रेनट्रीची पानं पडत राहतात, आत सुई तिच्या चालीने चाललेली, आणि मी स्टुलावर बसल्या बसल्या कुठल्या कुठे जाते. परवा तुझ्या त्या डीसिलेक्टच्या यादीत गेले. काळ्या पडद्यावर नावांची रांग असते ना, तशीच, पण ती गल्ली होती आणि मी अनवाणी चालत होते. प्रत्येक नावाला एक दार. टार, सेड, ग्रेप, मला अर्थ कळत नाही, पण रोज बघून ओळखीची झाली आहेत, समोरच्या चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी. आणि प्रत्येक दारावर बाहेरून दोन आडव्या कड्या, एकीखाली एक. आत माणसं श्वास घेत होती. एका दाराच्या फटीतून डोकावले तर तू. सहा वर्षांची, दप्तर पाठीवर तसंच. रडत नव्हतीस. बसून चित्र काढत होतीस. मी म्हटलं, रम्या, चल. तू म्हणालीस, कडी बाहेरून आहे ना.

जाग आली तेव्हा रीळ संपून सुई नुसती कापडाला भोकं पाडत होती.

हयवदनने शोधून काढलं. नुसती तुझी लायब्ररी नाही, सगळीच्या सगळी दोनशे चौदा पॅकेजं धरून ठेवलेली आहेत. प्रत्येकापुढे ते = चिन्ह. तो म्हणाला, यादीच्या सगळ्यात वर एक ओळ असते, 'सगळी पॅकेजं' असं लिहिलेली. ती पॅकेज नाही, मथळा आहे. डीसिलेक्ट उघडलं की उजळलेली पट्टी आधी त्याच ओळीवर असते. कोणीतरी खाली न जाताच = दाबलं. आणि मथळ्यावर दाबलेलं सगळ्यांना लागू होतं.

कोणीतरी म्हणजे मी.

तू गेलीस त्या सकाळी अप्पा तुला पोचवायला ऑटोने विमानतळावर गेले. मी फाटकापर्यंतसुद्धा आले नाही, शेडमध्ये शिरले. कागद वाचला. कोणी नवीन टाकायला आलेलं नव्हतं. तरी म्हटलं, आत्ताच करून ठेवावं. डीसिलेक्ट उघडलं आणि दाबलं. खालच्या ओळी इंग्रजीत, बारीक. डोळ्यांत पाणी होतं. चुकलं.

हयवदन हसून हसून बेजार. म्हणे, अम्मा, सगळ्या बेंगळूरात इतकं घट्ट धरलेलं मशीन मी पाहिलं नाही. मीही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाही.

सोडवायचं कसं ते त्याला माहीत असेलही, पण मी त्याला हात लावू दिला नाही. तुझ्या मशीनला तू सांगितल्याशिवाय कोणी हात लावणार नाही.

आई


१९ मार्च १९९९

रम्या,

काल युगादी झाली. सकाळी कडुनिंब आणि गूळ तीन वाट्यांत काढला आणि तिसरी वाटी पाहून अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तुझे अप्पा काही बोलतात तरी कधी? चौतीस वर्षं बसमध्ये 'पुढे चला, पुढे चला' ओरडून त्यांचा घसा बहुतेक तिथंच संपला. तिसरी वाटी मी खाल्ली. कडू जास्त झालं होतं.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं.

डोळ्यांत पाणी होतं, हे खरं. पण ओळी दिसत नव्हत्या, हे खोटं. दाबल्याबरोबर मी पाहिलं. एकेका ओळीपुढे ते चिन्ह उमटलं होतं, वरपासून खालपर्यंत. मी खाली खाली जात राहिले, सगळ्यांपुढे होतं. तेव्हाच कळलं की हे तू सांगितलंस तसं झालेलं नाही. परत नीट करता आलं असतं, तुला अप्पांकडून विचारता आलं असतं. पण मला ते बघून इतकं बरं वाटलं, रम्या! म्हटलं, राहू दे. यातलं काहीही हलणार नाही, कोणी काही बदलणार नाही, उद्या पोरगी परत आली तर जसं सोडून गेली तसंच तिला सापडेल. मी एंटर दाबलं, पदराने पडदा पुसला आणि चहा टाकायला गेले.

मला हे सांगायला दीड वर्ष लागलं, त्यात तुझा दोष नाही.

मी लोकांना सांगत फिरले की रम्या गेली तर मशीन बंद पडेल, धंदा बसेल, म्हणून मी तिला अडवत होते. शेजारणीला सांगितलं, तुझ्या आत्याला सांगितलं, अप्पांना तर रोजच. मशीन कुठे बंद पडलं? एक दिवससुद्धा नाही. बंद पडायची भीती मला माझी होती. तू शेडमध्ये नसलीस तर मी दिवसभर कोणाशी बोलू? अप्पांशी? सुईशी?

आणखी एक गोष्ट आहे. माझी पायमशीन आहे ना, लग्नात आणलेली, तिच्या खणात. आज ती लिहायला बसले होते, पण युगादीच्या दुसऱ्या दिवशी असलं काही लिहू नये असं स्वतःलाच सांगितलं. सबब आहे, मला कळतं. मी सबबी फार छान शिवते, टाका दिसत नाही.

आंब्याला मोहोर आला आहे. शेडच्या मागच्या झाडाला, तू ज्याला आळशी म्हणायचीस त्यालासुद्धा.

आई


७ एप्रिल १९९९

रम्या, रम्या,

तुझं कार्ड आलं. अप्पांनी फाटकातूनच हात वर करून दाखवलं. मी धावले. या वयात, चप्पल न घालता, सगळ्या गल्लीसमोर.

पाच वाक्यं. मोजली. 'सगळ्यात वरच्या ओळीवर जा. : दाब, सगळं सुटेल. मग खाली माझ्या लायब्ररीच्या ओळीवर ये. फक्त तिथे = दाब. एंटर.' वर नाव नाही, खाली नाव नाही. माझ्या आईची शपथ, असं कोरडं पत्र तर पाणीपट्टीवाल्यांचंही येत नाही! पण अक्षर तुझं होतं. 'ळ' अजून तसाच काढतेस, शेपूट लांब. मी ते कार्ड ब्लाउजमध्ये ठेवून दिवसभर काम केलं आणि मशीन बसवणारीचं कामाचं पत्र आहे हे, असं म्हणून शेडमध्ये काम द्यायला आलेल्या दोघी बायकांना दाखवलंही.

तू लिहिलंस तस्संच केलं. हयवदनला बोलावलं, पण स्टुलावर मी बसले. वरच्या ओळीवर थांबले. : दाबलं. सगळी चिन्हं एका झटक्यात गेली. वरपासून खालपर्यंत मोकळं. खरं सांगते, भर दुपारी घराची सगळी दारं उघडी टाकून बाहेर आल्यासारखं वाटलं. मग खाली खाली येत तुझ्या लायब्ररीची ओळ शोधली आणि तिथं, फक्त तिथं, = दाबलं. एंटर. हयवदनने सीडी घातली. बरंच काही बदललं, दीड तास यादी वाहत होती, तो सारखा 'सरी, सरी', बरं बरं, म्हणत मान हलवत होता.

आणि शेवटी बिल्ल्यांचा प्रोग्रॅम काही बसला नाही. हयवदनने समजावून सांगितलं. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे हे मला तू सांगितलंच होतंस. सगळ्या प्रोग्रॅमना लागणारं सामान एका डब्यात असतं, आपला दोऱ्यांचा डबा असतो तसं, आणि जो तो त्यातून घेतो. नव्या प्रोग्रॅमला नवा डबा पाहिजे. तुझ्या 'कशिद्या'ला जुना. डबा बदलला की तुझ्या प्रोग्रॅमला आपला दोरा सापडत नाही, तो उभाच राहत नाही. दोन्ही डबे एकाच वेळी ठेवायचं त्याला तरी जमलं नाही, दोनदा करून पाहिलं बिचाऱ्याने. म्हणाला, "अम्मा, एक काहीतरी ठरवा. मुलीचा प्रोग्रॅम नाहीतर शाळेचे बिल्ले."

मी त्याला जा म्हटलं. जरा जोरात म्हटलं. माफी मागावी लागेल.

तू फक्त तिथे = दाब म्हणून लिहिलंस. म्हणजे तुलाही तो राहावासा वाटतो का? का तुला बिल्ल्यांचं पत्र नीट वाचायचंच नव्हतं? एवढ्यावरून मी दोन दिवस काय काय विणत बसले, तुला काय सांगू. दुपारी डोळा लागला की तू येतेस, हातात फ्लॉपी, शेडच्या दारात उभी, ऊन तुझ्या मागे. मशीन थांबल्यावर निघून जातेस.

आता पायमशीनच्या खणातलं.

त्या जर्मन कंपनीचं एकच पत्र आलं नव्हतं. दोन आली होती. दुसरं मी तुला कधी दाखवलं नाही. ते अजून तिथं आहे.

लिहिलं एकदाचं. आज याहून जास्त होत नाही. अप्पा पोस्टात जायला थांबले आहेत, म्हणतात पाच वाजता टपाल निघतं. त्यांना यातलं काही माहीत नाही.

आई


१८ एप्रिल १९९९

रम्या,

माझं मागचं पत्र तुला मिळालं असेल किंवा आज-उद्या मिळेल. तू फोनवर अप्पांना काही विचारायच्या आत हे पोचावं असं वाटतं, पण विमान काही माझ्या ऐकण्यात नाही.

आज रविवार, शेड बंद होती. किल्ली घेऊन एकटीच आले. आधी 'कशिदा' चालवला. जाईची वेल काढली, तू त्यात घातलेली पहिली नक्षी. तुझ्या पाचवीच्या फ्रॉकवर मी हाताने भरली होती ती. त्यात दर सातव्या फुलाला एक पाकळी कमी आहे. माझा मेला हिशोब चुकला होता. तू कॉम्प्युटरमध्ये उतरवताना ती चूकही जशीच्या तशी उतरवलीस. मी म्हटलं, अगं, नीट कर, लोक हसतील. तू म्हणालीस, तुझी आहे, राहू दे. आठवतं? मला त्या वेळी कळलं नाही की तू मला काय दिलंस.

पांढऱ्या रुमालावर एक वेल भरून घेतली. सुई सातव्या फुलापाशी येते तिथं एक पाकळीभर जागा सोडून पुढे सरकते, तो क्षण मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. डोळे मिटत होते. उन्हाचा एक तुकडा कापडावर सरकत होता आणि मला वाटत होतं की वेल संपूच नये, ती फ्रेममधून बाहेर पडावी, दारातून, मंडईवरून, समुद्रावरून, आणि तुझ्या खिडकीपाशी कुठेतरी तिचं टोक निघावं. पण रुमाल केवढा! संपली.

मग डीसिलेक्ट उघडलं. तुझ्या लायब्ररीच्या ओळीवर आले. एकच = उरलं होतं सगळ्या यादीत. तू ठेवायला सांगितलं होतंस. मी : दाबलं.

तुझं न ऐकता केलं हे. पण आधी जे जे मी धरून ठेवलं, त्यातलं काहीही तुझं ऐकून धरलं नव्हतं, मग सोडताना एकदा न ऐकलं तर चालेल असं मनाशी ठरवलं. हयवदनला माफी मागून बोलावून आणलं. त्याने सीडी घातली. लायब्ररी बदलली, नवा प्रोग्रॅम बसला, शाळेचा बिल्ला पहिल्या फटक्यात निघाला, वर दिवा आणि खाली पुस्तक, अगदी सुबक. मग मी 'कशिदा' टाइप केलं. एक इंग्रजी ओळ आली आणि पडदा गप्प झाला. तुझं लिहिलेलं सगळं त्याने आधीच एका फ्लॉपीत घालून ठेवलं आहे, ती फ्लॉपी मी देवाजवळ ठेवली. तो म्हणतो, जिने लिहिला तिने स्वल्प वेळ बसून दुरुस्त केला तर नव्या लायब्ररीवरही उभा राहील. मी त्याला बजावलं, हे तिला कोणी सांगायचं नाही.

आता ते पत्र.

या पाकिटातच आहे, माझ्या कागदाच्या मागे. उघडलेलं आहे, कारण मीच उघडलं. २ मे १९९७ ला आलं. तू कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेली होतीस, पोस्टमनने माझ्या हातात दिलं. इंग्रजी होतं, पण मला कळलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण तुझ्या कपाटातली डिक्शनरी काढून मी दोन दुपारी बसून ते लावलं. त्यात लिहिलं आहे की तू मुलाखतीला आली नाहीस याचं त्यांना वाईट वाटलं. तुझा लेखी पेपर सगळ्यांत चांगला होता. काही अडचण झाली असेल, म्हणून तुझी जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. ३० जूनपर्यंत ती ठेवतील, नुसतं 'येते' एवढं कळव.

ते दोन महिने तू रोज माझ्यासमोर होतीस. पोस्टमन आला की दारापर्यंत जायचीस. एक दिवस मला म्हणालीस, आई, मी तेवढी हुशार नसेन गं. मी तुझ्या डोक्याला तेल लावत होते. मी म्हटलं, असू दे, इथं काय कमी आहे.

पहिलं पत्र मी घाबरून ठेवलं असं तू समजतेस. समज, ते खरं आहे. दुसरं मी समजून उमजून, डिक्शनरी बघून ठेवलं. तुला पहिलं सापडलं तेव्हा तू रडून ओरडलीस आणि मी मनात देवाचे आभार मानले की दुसरं सापडलं नाही. तू माझ्यावर जेवढी रागावलीस तेवढ्यावरच मी सुटले. आता उरलेलं रागावून घे. ते तुझंच आहे.

मी चुकले, रम्या. हे मी एकदाही तुझ्या तोंडावर बोलले नाही. जेवायला बस, तेवढंच येत होतं मला.

तू तेवढी हुशार होतीस. त्यांनी शाईने लिहून सही करून पाठवलं होतं, आणि ते दोन वर्षं माझ्या गुडघ्याशी त्या खणात होतं, मी त्याच्याखाली पाय हलवून मशीन चालवत होते.

रुमाल मात्र मी पाठवत नाही. तेवढा एक ठेवून घेते.

आजवर माझी पत्रं अप्पांनी पोस्टात टाकली. हे मी स्वतः उद्या सकाळी नेऊन टाकणार आहे. त्याआधी, आज संध्याकाळी तुझा फोन झाला की बूथच्या पायरीवरच अप्पांना सगळं सांगणार आहे. ते काही बोलणार नाहीत, आणि तेच ऐकायला मला सगळ्यात जड जाईल.

उत्तर द्यायचं की नाही, ते तू ठरव. मी काही फाटकाकडे डोळे लावून बसणार नाही, असं लिहिणार होते. पण तेही खोटंच झालं असतं.

आई